कवटीचे रहस्य आणि नाकाचे माप
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिंडोशी येथे दिलेले व्याख्यान)



समितीने मला बोलायला उभे केले खरे, पण मी विद्वान नाही. गिरणीतला माणूस. शाळा अर्धवट सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झाले. म्हणून माझ्या बोलण्यात पुस्तकी भाषा आणि खात्यातली भाषा यांची सरमिसळ होईल, ती सांभाळून घ्या.

आजचा माझा विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील. विषय आहे रहस्यकादंबरी. विहारात आणि रहस्यकादंबरी? त्याला कारण आहे. आपल्या विहाराच्या वाचनालयात एक कपाट रहस्यकथा आणि विज्ञानकथांचे आहे. मागच्या बैठकीत सूचना आली की ही पुस्तके रद्दीत द्यावीत आणि जागा मोकळी करावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मुलांनी स्पर्धा परीक्षांची पुस्तके वाचावीत, चरित्रे वाचावीत, असे त्यांना वाटते. मलाही वाटते. पण ते कपाट रद्दीत घालण्याआधी माझे म्हणणे ऐकून घ्या आणि मग काय तो निर्णय करा.

आमच्या पिढीला वाचायची गोडी कशी लागली? प्रामाणिकपणे सांगा. पहिल्या दिवशी कुणी जाडा ग्रंथ हातात घेतला नव्हता. आमच्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर वाचले. 'झुंजार', 'काळापहाड' ही नावे काढली की आजही म्हाताऱ्यांचे डोळे चमकतात. या एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले. चाळीतल्या खोलीत एक पुस्तक यायचे आणि ते दहा बिऱ्हाडांत फिरून, मुखपृष्ठ गळून परत यायचे. शेवटची चार पाने फाटलेली असली तर पंचाईत! मग आपणच डोके लढवायचे, खुनी कोण असेल? माझ्या मते तेच खरे शिक्षण होते.

कारण रहस्यकथा काय शिकवते? ती शिकवते की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पुरावा बघा. गावाने ज्याच्याकडे बोट दाखवले तो बहुतेक वेळा निर्दोष निघतो. आणि ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, तो प्रतिष्ठित, गोड बोलणारा गृहस्थ, त्याच्याच बुटाला माती लागलेली असते. हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले, तो माणूस पुढे मुकादमाच्या, पुढाऱ्याच्या आणि भटजीच्या थापांना सहजासहजी बळी पडत नाही.

दुसरी बाजू विज्ञानकथेची. आपले डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही. नारायण विनायक जगताप असे टोपणनाव घेतले. का? तर परीक्षकांनी नाव बघून नव्हे, कथा बघून निकाल द्यावा. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याचे नाव मोठे, त्याने ते लपवले तर त्याचे कौतुक होते. आपल्या माणसाला मात्र भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव लपवावे लागले. दोघांनी नावच लपवले. पण एकाची ती परीक्षा होती आणि दुसऱ्याची लाचारी. बाबूराव बागूलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिले, ते याच दुखण्यावर.

आता मुद्द्यावर येतो. मराठीत रहस्यकथा झाल्या, विज्ञानकथा झाल्या आणि जातीचा जाब विचारणारे साहित्यही झाले. पण हे तीन प्रवाह फारसे एकत्र आले नाहीत. जगात मात्र ते एकत्र आले, आणि कुणी आणले? ज्यांना चटके बसले त्यांनीच.

अमेरिकेतील निग्रो बांधवांचे उदाहरण घ्या. त्यांना आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो. जॉर्ज स्कायलर नावाच्या कृष्णवर्णीय लेखकाने १९३१ साली 'ब्लॅक नो मोअर' ही कादंबरी लिहिली. तिच्यात एक कृष्णवर्णीय डॉक्टर यंत्र शोधून काढतो. पन्नास डॉलर भरा, तीन दिवस यंत्रात उपचार घ्या आणि काळ्याचे गोरे होऊन बाहेर पडा! रांगा लागतात. मॅक्स नावाचा तरुण गोरा होतो, नाव बदलतो, आणि काळ्यांचा द्वेष करणाऱ्या संघटनेतच शिरून मोठा पुढारी होतो. पुढाऱ्याच्या पोरीशी लग्नही करतो. तिकडे गोऱ्यांची शुद्धता सिद्ध करण्यासाठी वंशावळी खणायला घेतात, तर निघते काय? मोठमोठ्या गोऱ्या घराण्यांच्या मुळाशी काळे पूर्वज! शेवटी शोध लागतो की यंत्रातून आलेले लोक अस्सल गोऱ्यांपेक्षाही जास्त गोरे असतात. झाले! मग फार गोरे असणे हाच कलंक ठरतो आणि लोक अंगाला सावळा रंग चोपडू लागतात. वाचताना हसू येते आणि मग घशात अडकते. रंग गेला तरी द्वेष गेला नाही, त्याने फक्त आपली जागा बदलली. आपल्याकडे गाव सोडला, शहरात आलो, आडनाव बदलले, सोसायटीत फ्लॅट घेतला, तरी "मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न जिन्यात उभा असतोच ना?

दुसरे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे. कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत. त्यांनी १९२० साली 'द कॉमेट' म्हणजे धूमकेतू ही विज्ञानकथा प्रसिद्ध केली. बँकेतला एक काळा शिपाई. त्याला तळघरात पाठवतात, कारण तिथे जायला गोरा माणूस तयार नसतो. तो खाली असताना धूमकेतूच्या वायूने न्यूयॉर्कमधली माणसे मरून पडतात. उरतो हा एकटा आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. दोघांना वाटते, जगात आता आपणच. तेवढ्या वेळापुरता रंग विसरला जातो, माणूस माणसाला दिसतो. आणि मग कळते की शहराबाहेरचे लोक जिवंत आहेत. तिचे वडील येतात. आल्या क्षणी जुनी दुनिया परत! जग बुडाले तरच समता येईल काय, असा प्रश्न त्या लेखकाने विचारला. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना आपल्या बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडले जात होते, त्याची प्रत बाबासाहेबांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलै महिन्यात उत्तर पाठवले. म्हणजे घटना लिहिणाऱ्या आमच्या बापाचा ज्याच्याशी पत्रव्यवहार झाला, त्या थोर माणसाला विज्ञानकथा लिहिताना कमीपणा वाटला नाही. मग आम्हाला ती कपाटात ठेवायला का वाटावा?

आता आपल्या देशातले उदाहरण. अमिताव घोष यांची 'द कलकत्ता क्रोमोसोम' ही इंग्रजी कादंबरी १९९५ साली आली. तिला १९९७ साली इंग्लंडचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेसाठी दिला जाणारा हा मोठा पुरस्कार आहे. विषय मलेरियाचा. दिंडोशीकरांना मलेरिया काय असतो ते मी सांगायला नको. वर डोंगर, शेजारी आरेचे रान, चारी बाजूंना टॉवरची बांधकामे आणि त्यांत साचलेले पाणी. आपल्यातले किती जण थंडीतापाने कुडकुडत रक्ताची तपासणी करून आले असतील!

इतिहास असा की, रोनाल्ड रॉस या इंग्रज लष्करी डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. पण डासांना रक्त कुणाचे पाजले? हुसेन खान नावाच्या एका तापाच्या रोग्याचे. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. डास कुणी पकडले, भांडी कुणी धुतली, प्रयोगशाळा कुणी झाडली? घोष यांनी नेमके इथे बोट ठेवले. त्यांच्या कादंबरीत मुरुगन नावाचा माणूस १९९५ साली कलकत्त्यात गायब होतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये संगणकावर बसलेल्या एकाला त्याचे ओळखपत्र सापडते आणि शोध सुरू होतो. मुरुगनचा संशय असा की रॉस साहेबाला वाटत होते आपण शोध लावतोय, पण त्याच्या हाती धागे देणारे लोक पडद्याआड होते. त्यांची पुढारी कोण? प्रयोगशाळेत झाडलोट करणारी मंगला! पुढे काय होते ते सांगत नाही, रहस्यकथेचा शेवट फोडणे हे पाप आहे.

ही मंगला कल्पनेतली आहे, हे ध्यानात ठेवा. उद्या कुणी भाषणात ठोकून देऊ नका की मलेरियाचा शोध झाडूवालीने लावला. कल्पना ही कल्पना म्हणून वाचायची. पण त्या कल्पनेने जो प्रश्न विचारला तो खरा आहे. विज्ञानाच्या इतिहासात साहेबाचे नाव राहते आणि ज्याच्या अंगावर प्रयोग झाला, ज्याच्या हाताने प्रयोग झाला, तो कुठे जातो?

आता मी तुम्हाला खरी घडलेली रहस्यकथा सांगतो. तिच्यात कवट्या आहेत, परदेशातली प्रयोगशाळा आहे, नामवंत प्रोफेसर आहे आणि शोध लावणारी एक मराठी बाई आहे. इरावती कर्वे. आपल्यातल्या काहींना त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून माहीत असतील. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडले. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये १९२७ साली मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची एक मोठी संस्था निघाली होती. तिचे प्रमुख होते प्रोफेसर ऑयगेन फिशर. हा गृहस्थ १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, गोऱ्या बापांच्या आणि आफ्रिकी आयांच्या वंशजांची मोजमापे घेऊन आला होता आणि संकर वाईट असा निष्कर्ष काढून बसला होता. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा या जमातींची कत्तल केली होती. मेलेल्यांच्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीला पाठवल्या होत्या, शास्त्राच्या नावाखाली! त्यांतल्या काही कवट्या नामिबियाला परत मिळायला २०११ साल उजाडावे लागले. पुढे २०१४ आणि २०१८ साली आणखी गेल्या. शंभर वर्षांनी पूर्वजांची डोकी घरी आली.

तर या फिशर साहेबांचे म्हणणे असे की, युरोपातल्या गोऱ्यांच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अधिक असमान असते, आणि त्यामुळे त्यांची तर्कबुद्धी इतरांहून श्रेष्ठ असते. हे सिद्ध करायचे काम त्यांनी आपल्या या हिंदी विद्यार्थिनीवर सोपवले. विचार करा. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हातात तो प्रोफेसर, आणि त्याला हवे ते उत्तर आधीच ठरलेले. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्यांच्या मोजल्या, इतरांच्या मोजल्या. आणि १९३१ च्या प्रबंधात लिहिले की, कवटीची असमानता सगळ्याच माणसांत असते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. प्रोफेसरचा सिद्धान्त त्याच्याच टेबलावर, त्याच्याच कवट्यांनी खोटा पाडला! पदवी मिळाली, पण अगदी कमीत कमी श्रेणीत.

मित्रांनो, इन्स्पेक्टरने कमिशनरला सांगावे की "साहेब, तुम्ही धरलेला माणूस निर्दोष आहे", त्यातला हा प्रकार. पुढे काय झाले? १९३३ साली हिटलर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या संस्थेचे शास्त्र नाझींच्या कामी आले. आउश्वित्झच्या छळछावणीतून कैद्यांच्या अवयवांचे नमुने याच संस्थेकडे गेले. जे कवटी मोजण्यापासून सुरू झाले ते गॅसच्या कोठडीपर्यंत गेले. म्हणून मी म्हणतो, मोजमाप ही साधी गोष्ट नाही. कोण मोजतो, कशासाठी मोजतो आणि उत्तर आधी ठरवून मोजतो काय, हे बघितले पाहिजे.

जर्मनीलाच नावे ठेवू नका. हेच काम आपल्या देशात आधी झाले होते. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्याने नाके मोजली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे, की झाला नाकाचा निर्देशांक. नाक जितके बसके तितकी जात खालची, असा त्याने सिद्धान्त मांडला. म्हणजे वरचे ते आर्य, खालचे ते वेगळ्या वंशाचे. साहेबाने सांगितले आणि आपल्याकडच्या वरच्या लोकांना ते फार गोड लागले. साहेबाचे आम्ही भाऊबंद, हे कुणाला नको असते?

आता या गुन्ह्याचा तपास केला कुणी? आपल्या बाबासाहेबांनी. 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. माझ्या मते तो रहस्यकथेसारखा वाचावा. प्रेत सापडले आहे, म्हणजे अस्पृश्यता. खुनी कोण? पहिला संशयित आहे 'वंश'. लोक म्हणतात अस्पृश्य वेगळ्या वंशाचे होते म्हणून ते बाहेर ठेवले गेले. बाबासाहेब काय करतात? शिव्या देत नाहीत. विरोधकांचेच पुरावे मागवतात. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात दिलेली नाकांची मापे घेतात आणि प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची मापे शेजारी शेजारी ठेवतात. आणि निकाल देतात की, ही मापे खरी धरायची असतील तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ते आर्य असतील तर हेही आर्य, ते द्रविड असतील तर हेही द्रविड, ते नाग असतील तर हेही नाग. पहिला संशयित सुटला! मग ते खऱ्या कारणाकडे जातात. पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे, त्यांचा बौद्ध धर्म, त्यांच्याविषयी पेरलेला तिरस्कार, गोमांसाचा वाद. इसवी सन ४०० च्या सुमारास अस्पृश्यता जन्मली, असा ते काळही ठरवतात.

आणि याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे, ती आपल्या वाचनालय समितीने मुद्दाम वाचावी. पुराव्याच्या साखळीत जिथे दुवे सापडत नाहीत, तिथे संशोधकाला कल्पनाशक्ती लागते, असे बाबासाहेब मांडतात. आणि त्याला आधार कुणाचा देतात? मॅक्झिम गॉर्कीचा, एका कादंबरीकाराचा! शास्त्रज्ञाला आणि साहित्यिकाला दोघांनाही निरीक्षण लागते आणि कल्पनाही लागते, असा त्याचा भावार्थ.

आता हे सगळे आज का सांगतो? माझ्या मुलीला कॉलेजात बरोबरची एक मुलगी सहज म्हणाली, "हुशारी ही रक्तातच असावी लागते, कोट्याने येत नाही." मुलगी घरी येऊन गप्प बसली. तिला उत्तर काय द्यायचे? शिवी देऊन उत्तर होत नाही. आणि दुसरीकडे आपल्याच सभांतून मी ऐकतो, "आपले रक्तच वेगळे, आपला डीएनएच वेगळा, ते परके, आपण मूळचे." टाळ्या पडतात. बंधूंनो, राग मानू नका, पण जरा थांबून विचार करा. ती मुलगी म्हणते रक्त वेगळे, आणि आपला वक्ताही म्हणतो रक्त वेगळे. मग भांडण कशावर राहिले? रिस्लेचीच फूटपट्टी, फक्त धरायचे टोक उलटे!

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी आपल्याला नागवंशीय म्हटले आहे. म्हटले आहे. पण त्याच ग्रंथात ते सांगतात की नाग आणि द्रविड ही एकाच लोकसमूहाची दोन नावे, आणि हे लोक साऱ्या हिंदुस्थानात पसरलेले होते. आपला गौरवशाली इतिहास त्यांनी दिला, पण आपल्यासाठी वेगळ्या रक्ताची बाटली भरून दिली नाही.

आणि आजचे शास्त्र काय म्हणते? २००० साली माणसाच्या जनुकांचा पहिला आराखडा जाहीर झाला. कोणतीही दोन माणसे घ्या, सुमारे ९९.९ टक्के मांडणी सारखीच. २००९ साली हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवले की, भारतातला जवळजवळ प्रत्येक समाज हा जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेला आहे. प्रमाण कुठे कमी, कुठे जास्त, पण मिश्रण सगळ्यांत. २०१३ साली त्यांनी पुढचे सांगितले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात हे मिसळणे जोरात चालू होते, आणि नंतर ते थांबले. लोक आपापल्या गटातच लग्न करू लागले. आता आठवा, ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने निबंध वाचला होता. त्यात त्यांनी हेच सांगितले होते की हिंदुस्थानातले लोक मिश्रणातून झालेले आहेत, आणि जातीचे मूळ आपसातच लग्न करण्याच्या बंधनात आहे. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. नुसत्या तर्काने! शंभर वर्षांनी प्रयोगशाळा त्याच दारापाशी आली.

शेवटी गिरणीतली एक गोष्ट सांगतो. जुन्या साच्यावर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढायचा. धोट्याला थुंकी लागायची. म्हणून साचाखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे आपल्या माणसांना घेत नसत. का, तर यांची उष्टी थुंकी आम्हाला लागेल! पिढ्यान् पिढ्या आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राबली. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. लाल बावटेवाल्यांना विचारले, कामगारांची एकजूट म्हणता, मग साचाखात्याचे दार आम्हाला बंद का?

आणि आज डीएनए तपासायला काय घेतात? एका नळीत थुंकी! ज्या थुंकीने धोटा बाटत होता, तीच थुंकी आज नळीत घालून प्रयोगशाळेत पाठवा. यंत्राला विटाळ होत नाही. ते सांगते, ही माणसाची थुंकी आहे आणि हिच्यात सगळ्यांचे पूर्वज आहेत. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला विषय कुठे मिळणार? आणि तो आपल्याशिवाय कोण लिहिणार?

म्हणून माझी समितीला विनंती आहे, ते कपाट ठेवा. उलट त्यात भर घाला. त्याच्या शेजारी 'अस्पृश्य मूळचे कोण?' ठेवा, इरावतीबाईंची पुस्तके ठेवा, बागूल ठेवा. जो पोरगा अर्नाळकर घ्यायला येईल, त्याचा हात शेजारच्या पुस्तकाला लागेल. आणि मुलांनो, मुलींनो, तुम्ही लिहा. या डोंगराच्या पलीकडे फिल्मसिटीत परग्रहाचे सेट लागतात, तिथे हमाली करायला आपली वस्ती जाते. कथा लिहायलाही जाऊ द्या. लिहिताना एवढेच पथ्य पाळा की कल्पना हवी तेवढी उंच उडू द्या, पण पुरावा खोटा देऊ नका. आणि कॉलेजात कुणी रक्ताची गोष्ट काढली तर गप्प बसून घरी येऊ नका. रागावूही नका. १४९ कवट्यांची गोष्ट सांगा, नाकांच्या मापांची गोष्ट सांगा, आणि विचारा, "आता सांग, पुरावा कुणाकडे आहे?"



जयभीम! नमो बुद्धाय!